विरघळणारा पेसमेकर

प्रश्न : आईच्या बायपासनंतर छातीतून बाहेर आलेल्या बारीक तारा डॉक्टरांनी ओढून काढल्या. आता विरघळणारा पेसमेकर निघालाय म्हणे. खरं का?

उत्तर : खरं आहे ताई, पण अजून संशोधनाच्या पातळीवर. आईंच्या त्या तारा हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या तात्पुरत्या पेसमेकरच्या; या नव्या पेसमेकरला तारा लागत नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तो २०२५ मध्ये जाहीर केला. लांबी जेमतेम साडेतीन मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहून लहान! शरीरातल्या द्रवावरच त्याची बॅटरी चालते. ठोका चुकला की छातीवरची पट्टी प्रकाश सोडते आणि पेसमेकर हृदयाला चालना देतो. गरज संपल्यावर तो आपोआप विरघळतो. तारा काढताना मी आजही श्वास रोखून धरतो. नील आर्मस्ट्राँग २०१२ मध्ये गेले, ते तारा काढल्यावर झालेल्या रक्तस्रावानंतर. असं क्वचितच होतं. आईंच्या तारा सुखरूप निघाल्यात, आता ती धास्ती नको.