सुप्त, गुप्त की अप्रकट?

प्रश्न असा आला आहे : मुलाच्या दहावीच्या विज्ञानात ‘अप्रकट उष्मा’ आहे, आजोबांच्या तोंडी ‘सुप्त उष्णता’ आणि हिंदीत शिकलेली शेजारीण म्हणते ‘गुप्त ऊष्मा’. बरोबर काय? आणि घरच्या मराठीत याला काही शब्द आहे का?

तिन्ही नावं एकाच गोष्टीची. बर्फ-पाण्याचं पातेलं मंद आचेवर ठेवून ढवळत राहा. शेवटचा खडा वितळेपर्यंत तापमापी शून्यालाच चिकटून बसते. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी लागतात. एवढ्यात ते पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आच तर चालू होती, मग ती गेली कुठे?

हा प्रश्न नीट विचारला तो जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला, ग्लासगोत. तोवर समजूत अशी की बर्फ वितळायच्या बेताला आला की चिमूटभर उष्णतेने सगळ्याचं पाणी होतं. ब्लॅक म्हणाला, तसं असतं तर ऊन वाढताच डोंगरावरचं सगळं हिम एकदम सुटून खाली हाहाकार झाला असता. हिम आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणजे त्याला खूप उष्णता लागते आणि ती तापमापीला दिसत नाही. म्हणून इंग्रजीत ती ‘लेटंट हीट’. लॅटिनमधल्या मूळ धातूचा अर्थ लपून राहणे.

मुळाशी इमान राखायचं तर ‘गुप्त’ सर्वांत जवळचा. पण मराठी कानाला त्यात गुप्तधन आणि गुप्तहेर ऐकू येतात, कुणीतरी मुद्दाम दडवल्यासारखं. ‘सुप्त’ मला ऐकायला आवडतो, पण अर्थाने फसवा वाटतो. सुप्त म्हणजे झोपलेलं, आणि ही उष्णता तर तेव्हा राबत असते : रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवत असते. ‘अप्रकट’ जरा कोरडा आहे, तरी तो फक्त एवढंच म्हणतो की तापमानात ती प्रकट होत नाही. माझं मत त्याला. खरं तर खोट विशेषणात नाहीच, नामात आहे. आत गेलेली उष्णता तिथे उष्णता म्हणून उरत नाही, ती रेणूंची स्थितिज ऊर्जा, म्हणजे त्यांच्या जागांमुळे साठलेली ऊर्जा, होते. उष्णतेला एक न दिसणारा प्रवाही पदार्थ मानण्याच्या काळातलं नाव आपण अजून वापरतोय, इतकंच.

आता घरचा शब्द. आधी मला ‘आधण’ सुचला. आधण आलं की जाणती बाई गॅस बारीक करते, कारण पुढे आच वाढवली तरी पाणी आणखी तापत नाही, नुसतं आटतं. पण आधण हे पाण्याचं नाव झालं, उष्णतेचं नव्हे.

मग कांदेपोहे करताना सापडला. ‘झाकण ठेवून एक दणदणीत वाफ आण’ असं आपण सहज म्हणतो. भाजीला ‘दोन वाफा काढल्या’ असंही. इथे वाफ म्हणजे नुसता धूसर ढग नाही, ते उष्णतेचं माप आहे! पोह्यांवर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की तळाची वाफ वर येते, पोह्यांवर बसून परत पाणी होते आणि आत घेतलेली उष्णता तिथे टाकते. पोहे मऊ होतात ते त्या टाकलेल्या उष्णतेने. मोदकपात्रातही हेच. झाकण उचलताना मनगटाला जो चटका बसतो त्याचा हिशोब बघा : १०० अंशांची एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी देते, आणि ते पाणी अंगाच्या ३७ अंशांपर्यंत निवताना उरलेल्या फक्त ६३. वाफेने भाजलेलं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, ते यात आलं.

तेव्हा बाष्पनाच्या, म्हणजे पाण्याची वाफ होण्याच्या, अप्रकट उष्म्याला मराठी स्वयंपाकघरात शब्द आहे : वाफ. वितळण्याच्या बाजूला मात्र तसा मला सापडला नाही.

त्या बाजूचा पुस्तकी शब्द, ‘विलयनाचा अप्रकट उष्मा’, मुलांना हमखास गोंधळात पाडतो, कारण विलयन म्हटलं की विरघळणं डोळ्यांपुढे येतं. साखर पाण्यात विरघळते, तिला पाणी हवं. बर्फ वितळतो, त्याला फक्त ऊब हवी. आपण ‘आइसक्रीम विरघळलं’ म्हणतो ते बोलण्यात चालून जातं, पण दहावीच्या पेपरात लिहू नये. तुपाची तऱ्हा वेगळीच : ते थिजतं आणि पातळ होतं. ‘तूप वितळलं’ असं माझी आई कधी म्हणाल्याचं आठवत नाही.