चादरीची उलटी बाजू

सोलापूर, रविवार

पोरा,

तुझ्या कॉमिकच्या अंकाची १६ पानं दोनदा पाहिली. एकदा गोष्ट म्हणून, एकदा भिंग घेऊन. सात रस्ता चौकातल्या टपरीवर चहा पिणारा तुझा नायक 'मांगा' या जपानी कॉमिक्समधून थेट आपल्या स्टेशनावर उतरल्यासारखा दिसतो. कपाळावर टोकदार झुलपं, बशीएवढे डोळे. ही चोरी का, असं तू विचारलंस. अरे, मांगात ते मोठे डोळे ज्यांनी रुजवले त्या ओसामू तेझुकांनीही डिस्नेची चित्रं बघूनच ते उचलले होते. डोळे उसने असूदेत. पण त्याच्या हातातला कपसुद्धा उसना आहे! त्या टपरीवर काचेच्या ग्लासात चहा देतात, आणि तो तू रोज धरतोस.

माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरीची डिझाइनं काढायचे. ग्राफपेपरवर एकेक चौकोन भरायचा, त्यावरून जॅकार्डची कार्डं पंच व्हायची आणि मग मागावर मोर उमटायचा. शिकाऊ पोराच्या हातात ते जुनी चादर उलटी करून द्यायचे. मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे ओळखीचा मोर परका वाटतो आणि चौकोन मोजावेच लागतात. आवडत्या चित्रकाराचं पान तूही असंच उतरव, खरंच उलटं धरून. मग सुलटं कर आणि बघ, इथे त्याने चेहरा का लपवला, मागची भिंत कोरी का सोडली. मी एका व्यंगचित्रकाराची रेषा तीन वर्षं गिरवली. जाड-बारीक हुबेहूब यायचं, हसू मात्र कुणालाच येत नव्हतं. वडील वही चाळून एवढंच म्हणाले, "सगळी सुलटी बाजू."

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांचं २०११ चं 'भीमायन' कुठूनही मिळव. बाबासाहेबांची गोष्ट आहे, पण चौकोनी चौकटी नाहीत. परधान गोंड आदिवासींच्या घराच्या भिंतीवरची नक्षी, दिग्ना, तिथे पानं विभागते. साध्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पाखराच्या आकारात येतो, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आता तू लगेच विंचू काढशील, मला ठाऊक आहे. नको काढू. टपरीवरच्या उधारीच्या भांडणाला कसला फुगा लागतो, ते शोध.

आणि प्रकाशकाची वाट बघत बसू नकोस. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्ब आणि त्याची बायको 'झॅप' या कॉमिकचा पहिला अंक बाबागाडीत घालून रस्त्यावर विकत होते. छोट्या अंकाची मजा मला यातच वाटते. फसला तर पन्नास जणांपुढे फसतो, आणि त्यातले दोघं-तिघं नव्या पेठेत गाठून कुठे फसला तेही सांगतात. एवढा जवळचा वाचक मोठ्या अंकाला कुठला?

बाकी कामाचं. ए-फोरचे चार कागद पाठपोट छापून दुमडले की १६ पानं होतात. कागदाच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज कायम १७ यायला हवी. १ शेजारी १६, २ शेजारी १५. तुझी ४ आणि १२ शेजारी आली आहेत, म्हणून नायक मरून पुन्हा चहा पितो. राखाडी वॉशचा, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा, झेरॉक्समध्ये चिखल होतो, छटा रेघांनीच दे. संवाद आधी लिही, फुगा नंतर काढ. आपल्या वेलांट्यांना वर आणि उकारांना खाली जागा लागते. नवव्या पानावर 'तू'चं शेपूट फुग्याबाहेर लोंबतंय. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. घडीवर तीन भोकं पाड आणि सुईदोऱ्याने शिव. सोलापुरात राहून दोरा विकत आणलास तर मला सांगू नकोस.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेपर्यंत अंक शिवून व्हायला हवा. गुरुवारी संध्याकाळी ये. नुसता ग्लास काढून आण, निरनिराळ्या बाजूंनी, दहा वेळा. चहा मी पाजतो.

तुझा,
काका