स्पीकरचा कोन (आतला शंकूसारखा कागदी पडदा) तपकिरी पडलाय, काळा कसा करू?

प्रश्न: काकांनी १९८० च्या दशकात दुबईहून आणलेल्या टू-इन-वनचे (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) स्पीकर तपकिरी पडलेत, आवाज मात्र खणखणीत आहे. काळा रंग मारू का?

उत्तर: ऑइलपेंट, स्प्रे अजिबात नको हो! कोन कागदाचा असतो, रंगाचा थर बसला की जड होतो आणि आवाज बदलतो. उन्हाने वरचा रंग उडालाय एवढंच. मऊ ब्रशने धूळ झाडा, मग ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई, ही कार्बनची असते म्हणून सहसा उडत नाही, स्पंजवर अगदी थोडी घेऊन, स्पंज जवळजवळ कोरडाच हवा बरं का, हलक्या हाताने फिरवा, वाळल्यावर वाटलं तरच दुसरा हात. कडेला फोम असेल तर त्याला हात लावू नका, जुना फोम नुसत्या बोटाने भुगा होतो. मधली टोपीही दाबू नका.