वाचक विचारतात : गॅरेजमधला जुना फेंडर ॲम्प घ्यावा का?

प्रश्न : दादा नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला असतो. कॉलेजात गिटार वाजवायचो, नोकरीत सुटलं, आता परत सुरू केलंय. स्ट्रॅटोकास्टर आहे आणि एक छोटा ट्रान्झिस्टरचा ॲम्प. इथून अर्ध्या तासावर एका आजोबांकडे फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब नावाचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प आहे, चंदेरी पट्टीवाला, ज्याला सिल्व्हरफेस म्हणतात तो. ते म्हणतात १९६८ चा आहे, कधी उघडलेलासुद्धा नाही, सगळं ओरिजिनल. १,६०० डॉलर सांगतायत. मी जाऊन दहा मिनिटं वाजवून आलो. खरं सांगतो, पहिला कॉर्ड वाजवला आणि अंगावर काटा आला. पण गुणगुण बरीच आहे, नॉब फिरवले की खरखर होते, रिव्हर्ब, म्हणजे आवाजातला घुमारा, अगदी बारीक येतो आणि व्हायब्रॅटो, म्हणजे आवाजाची थरथर, चालतच नाही. प्लगची तिसरी पिन कोणीतरी कापून टाकलीये. मागची फळी काढून फोटो काढलेत, दोन्ही मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर ६०६४२१ असा आकडा आहे आणि स्पीकरच्या कडेवर ४६५४२२. दोन-तीन वर्षांत पुण्याला परत यायचं चाललंय, तेव्हा हा आणता येईल का? बायको म्हणते एवढ्या पैशात नवा कोरा घे. काय करू?

उत्तर : घ्या, पण १,६०० ला नको, आणि १९६८ चा म्हणून तर अजिबात नको.

आधी वर्षाचं बघू, कारण फोटो काढून तुम्ही अर्धं काम केलंच आहे. अमेरिकेत तेव्हा पार्टवर छापायचे आकडे ठरलेले असायचे, पहिले तीन बनवणाऱ्याचे, मग वर्षाचा शेवटचा अंक, मग आठवडा. ६०६ म्हणजे शूमाकर, फेंडरला ट्रान्सफॉर्मर पुरवणारी कंपनी. ४ म्हणजे चारने संपणारं वर्ष, २१ म्हणजे एकविसावा आठवडा. आता हे चौसष्ट का चौऱ्याहत्तर? चंदेरी पट्टी आली १९६७ च्या शेवटाला, त्याआधी काळी पट्टी होती, म्हणजे १९६४ होऊच शकत नाही. तर हा १९७४ चा. स्पीकरचं ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, आणि तोही त्याच वर्षाचा, बाविसावा आठवडा. आजोबा खोटं बोलतायत असं मी म्हणणार नाही, पन्नास वर्षांत पाच-सहा वर्षं इकडची तिकडं होतात, पण भावात फरक पडतो, कारण अगदी सुरुवातीचे सिल्व्हरफेस लोक काळ्या पट्टीवाल्यांच्या जवळचे मानतात आणि तसे पैसे मोजतात.

पण या आकड्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली ती मला वर्षापेक्षा महत्त्वाची वाटते. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच आठवड्याचे आणि स्पीकर पुढच्या आठवड्याचा, म्हणजे ही तिन्ही फॅक्टरीत एकत्र बसलेली आहेत, नंतर कोणी बदललेली नाहीत. जुन्या ॲम्पमध्ये विकत घ्यायचं असतं ते हेच, लोखंड आणि कागद. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कोन. बाकी सगळं झिजतं, जळतं, सुकतं आणि परत मिळतं. मी हे पैसे घालवून शिकलो. एकदा फेंडरचाच छोटा प्रिन्स्टन रिव्हर्ब घेतला होता, वरचं रेक्झिन इतकं सुंदर, एक ओरखडा नाही, मी मागची फळी न काढताच पैसे दिले. घरी आणून उघडला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे स्पीकरला आवाज पोचवणारा, कुठल्यातरी दुसऱ्याच सेटचा, बारका, कसातरी स्क्रूने आवळलेला. आवाज कायम पातळ राहिला, काही केलं तरी भरला नाही. तेव्हापासून आधी टॉर्च घेऊन मागे वाकतो, मग गिटार लावतो.

स्पीकरचं एक तपासायचं राहिलं असेल तुमचं. पुढच्या जाळीतून नाही, मागून, कोनला बोटांनी दोन्ही बाजूंनी समान दाब देऊन अगदी हलकं पुढे ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय. आणि कोनचा कागद अगदी नवा, काळाकुळकुळीत दिसला तर तो नंतर बसवलाय असं समजा, वाईट नाही पण सगळं ओरिजिनल म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

आता तुम्ही जे चार दोष सांगितले ते. व्हायब्रॅटो चालत नाही म्हणालात, तर पेडल जोडलं होतं का? या ॲम्पमध्ये पायाचा स्विच जोडल्याशिवाय व्हायब्रॅटो सुरूच होत नाही, आणि पन्नास वर्षांत पेडल हरवलेलं असतंच. मागच्या त्या छोट्या जॅकमध्ये आतून शॉर्ट केलेली आरसीए पिन घातली की सुरू होतो, ही पिन खिशात घेऊन जा. तरी नाही झाला तर त्याचा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असते तशी काचेची नळी) किंवा आतला छोटा निऑन दिवा गेलेला असतो, दोन्ही मिळतात. रिव्हर्बसाठी आवाज थोडा चढवून ॲम्पला वरून तळहाताने हलकी थाप मारा. स्प्रिंगांचा झणझणाट ऐकू आला तर स्प्रिंगनंतरचा सगळा रस्ता ठीक आहे आणि दुखणं त्याच्या आधी आहे, बहुतेक १२एटी७ व्हॉल्व्ह दमलाय. खरखर तर काहीच नाही, नॉबच्या आत धूळ. फक्त साफ करूनही एकाच नॉबची खरखर जात नसेल तर आतला एखादा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, करंट गळू देत असतो, तोही स्वस्तातला.

गुणगुण मात्र खर्चाची आहे. सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही राहिली, आणि ती नुसती घूं नाही तर जरा वरच्या पट्टीत भुणभुणणारी असली, तर फिल्टर कपॅसिटर संपलेत. चॅसिसवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, एक पत्र्याचं चपटं झाकण असतं, त्याच्याखाली हे पाच नळकांडी कपॅसिटर शेजारी शेजारी झोपलेले असतात. चांगल्या कपॅसिटरची टोकं सपाट असतात, संपलेल्याच्या टोकाला पुरळासारखा फुगवटा येतो, कधी पांढरट-तपकिरी पूड बाहेर येऊन सुकलेली दिसते. आतला द्रव वीस-तीस वर्षांत वाळतोच, वापरा नाहीतर ठेवून द्या. म्हणून "कधी उघडलेला नाही" हे विकणारा कौतुकाने सांगतो आणि मला मात्र ते बिल ऐकू येतं.

आणि हे झाकण तुम्ही स्वतः उघडू नका. हात जोडून सांगतो. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढला तरी तो कपॅसिटरमध्ये बसून राहतो.

दुसरी जीवाची गोष्ट ती कापलेली पिन. ती पिन म्हणजे अर्थिंग. मागे ग्राउंडचा एक स्विच असेल, त्याच्याशी जोडलेला एक कपॅसिटर वीजवाहिनीतून थेट चॅसिसवर येतो, अमेरिकेतले दुरुस्तीवाले त्याला डेथ कॅप म्हणतात, कारण तो शॉर्ट झाला की चॅसिसवर लाइन येते, चॅसिसवरून गिटारच्या तारांवर, तारांवरून तुमच्या बोटांवर, आणि ओठ माइकला लागला की सर्किट पूर्ण. तेव्हा दुसऱ्यांदा वाजवायला जाल तेव्हा त्या प्लगवर वाजवू नका. घेतलात तर पहिलं काम नवी तीन पिनी वायर आणि तो कपॅसिटर काढणं, आवाजात त्याने काही फरक पडत नाही.

परत जायचंच असेल तर हे वायरचं काम आजोबांच्या परवानगीने आधी एखाद्या टेक्निशियनकडून करून घ्या, शे-दीडशे डॉलर गेले तरी जाऊ देत, आणि मग चांगला अर्धा तास चालू ठेवून ऐका. दहा मिनिटांत काही कळत नाही, गरम झाल्यावर खरं बोलतो ॲम्प. एक पेन्सिल न्या आणि मागचे छोटे व्हॉल्व्ह एकेक करून तिच्या रबराच्या टोकाने टिचकवा, टण्ण करून स्पीकरमधून वाजला तर तो बदलायचा. मोठ्या ६व्ही६ व्हॉल्व्हकडे खोलीतला दिवा घालवून बघा. मधली तार केशरी दिसणं बरोबर, काचेला निळसर झाक असली तरी काळजी नाही, पण आतली करडी प्लेट लाल व्हायला लागली तर लगेच बंद करा, तिथे बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट जावा याची सेटिंग, बिघडलाय.

तर हिशोब असा. कपॅसिटर, वायर, एक-दोन जोड्या व्हॉल्व्ह, बायस, साफसफाई, सगळं मिळून ३०० ते ५०० डॉलर धरून चाला. हे ॲम्पच्या किमतीतच मोजायचं, नंतरचं म्हणून नाही. मी असतो तर आजोबांना फोटो दाखवून, वर्षाचं शांतपणे समजावून, १,१०० म्हणालो असतो आणि १,२०० ला थांबलो असतो. ट्रान्सफॉर्मर-स्पीकर मूळचे आहेत म्हणून एवढे तरी, नाहीतर नऊशेच्या वर गेलो नसतो. आणि १९७४ चा म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर विकत घेतल्यावर ट्विन आणि बासमन या त्यांच्या दुसऱ्या ॲम्पच्या सर्किटमध्ये पुढे बरेच बदल झाले, पण डिलक्स रिव्हर्बच्या सर्किटला त्यामानाने फारसा हात लागला नाही. तुमच्या अंगावर आलेला काटा खरा होता.

एवढं सांगून एक विचारतो, तुम्ही वाजवणार कुठे? हा २२ वॅटचा आहे. कागदावर कमी वाटतं, पण व्हॉल्व्हचे २२ वॅट ड्रमरबरोबर वाजवायला पुरतात. तो जो किंचित फाटलेला, रडवेला आवाज सगळ्यांना हवा असतो तो व्हॉल्यूम पाचच्या पुढे गेल्यावर येतो आणि अपार्टमेंटमध्ये पाचवर तुम्ही एकदाच वाजवाल. तळघर असलेलं घर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर १२ वॅटचा प्रिन्स्टन रिव्हर्ब किंवा पाच-सहा वॅटचा चँप शोधा, तपासायची रीत हीच.

पुण्याचं म्हणाल तर आणता येईल. अमेरिकेत विकलेल्या या सेटचा पॉवर ट्रान्सफॉर्मर त्यांच्याच व्होल्टेजचा असतो, मागे ११७ व्होल्ट लिहिलेलंसुद्धा दिसेल, आपल्या २३० वर थेट लावला तर संपला. चांगला ५०० व्हीएचा स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर, घ्या, अर्थिंग आरपार जाणारा, स्वस्तातल्यात ते नसतं. शिवाय तिकडे ६० हर्ट्‌झ, इकडे ५०, त्यामुळे तोच ट्रान्सफॉर्मर इकडे जास्त तापतो, उन्हाळ्यात तीन-तीन तास चालवायचा असेल तर मला धाकधूक वाटेल. कायमचं यायचं असेल तर २३० व्होल्ट ५० हर्ट्‌झचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या आणि मूळचा पिशवीत घालून ॲम्पबरोबर जपून ठेवा, पुढे विकताना तो लागेल. आणताना व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळा.

आणि वहिनींचं म्हणणं चुकीचं नाहीये. फेंडर याच ॲम्पची नवी आवृत्ती बनवतं, ती घेतली तर वॉरंटी मिळते आणि पहिल्या दिवसापासून वाजवता येतं. फरक आतला आहे, जुन्यात पार्ट एका फळीवर हाताने झाळलेले असतात, त्यामुळे पन्नास वर्षांनीसुद्धा एकेक काढून बदलता येतो, नव्यात बहुतेक छापील बोर्ड असतो. तुम्हाला संध्याकाळी घरी येऊन फक्त वाजवायचं असेल तर त्यांचं ऐका. त्याच्या आजारपणासकट तो आवडणार असेल तर आजोबांना फोन करा.

प्रश्न : सर, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गल्लीत एक जुने मंडपवाले आहेत, त्यांच्या गोडाऊनमध्ये व्हॉल्व्हचा लाऊडस्पीकरचा ॲम्प पडलाय, पूर्वी लग्नात भोंग्यांना लावायचे. आत मोठे ईएल३४ व्हॉल्व्ह दोन आहेत. दोन हजारात देतो म्हणाले. याचा गिटार ॲम्प होईल का?

उत्तर : होईल रे, आणि छान होईल, पण घाई करू नकोस. दोन ईएल३४ म्हणजे तीसेक वॅट आरामात, आणि हाच व्हॉल्व्ह मार्शलच्या गाजलेल्या ॲम्पमध्ये असतो. दोन हजारात ट्रान्सफॉर्मर मिळाले तरी पैसे फिटले, तेव्हा तेच बघ. पॉवर आणि आउटपुट दोन्ही ट्रान्सफॉर्मर जळके वास मारत नाहीत ना, वार्निश वितळून खाली ओघळलेलं नाही ना. उंदरांनी वायरी खाल्ल्या असतील तर चालेल, वायरी बदलता येतात.

मग मागच्या पट्टीवर बघ आउटपुटला काय काय लिहिलंय. भोंग्यांसाठी लांब वायर न्यायची असायची म्हणून १०० व्होल्टची लाइन असते, तिला गिटारचा ८ ओमचा स्पीकर जोडायचा नाही. शेजारी ४, ८, १६ ओमचे स्क्रू असतील तर काम सोपं. नसतील तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर वेगळा लागेल आणि मग मी दोन हजारसुद्धा देणार नाही.

किती वर्षं बंद आहे ते मंडपवाल्यांना विचार आणि थेट प्लगमध्ये घालू नकोस. तुमच्या भागातला कोणी जुना रेडिओ दुरुस्तीवाला गाठ, त्यांच्याकडे सिरीज बोर्ड असतो, बल्ब मध्ये लावून सेट चालू करायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आत शॉर्ट नाही, भक्क पेटलेलाच राहिला तर आहे. एवढं तो काका पाच मिनिटांत करून दाखवेल. तू शेजारी उभा राहून बघ, हात खिशात ठेवून. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प कधी वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

गिटार थेट माइकच्या इनपुटला लावलीस तर आवाज बोथट येईल. तो इनपुट माइकसाठी केलेला आहे, तिथला पहिला टप्पा बदलावा लागेल. ते काम सेट नीट चालू झाल्यावर. तेव्हा इनपुटच्या बाजूचा जवळून फोटो पाठव, कुठला रेझिस्टर बदलायचा ते मी खुणा करून कळवतो.