मुस्का म्हणजे मक्षिका नव्हे

प्रश्न असा आलाय: 'राईचा पर्वत करणे' याला लॅटिनमध्ये 'माशीचा हत्ती करणे' म्हणतात. त्यातली 'मुस्का' म्हणजे आपली मक्षिकाच ना?

नाही हो. म, स, क दिसले की झालं? मुस्कामधला 'का' मागाहून चिकटलेला प्रत्यय आहे. ग्रीकमध्ये 'मुइया', लिथुआनियनमध्ये 'मुसे', तिथे 'क'चा पत्ता नाही. मक्षिकेची सख्खी बहीण अवेस्तातली, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातली, 'मख्शी'. तरीही लोक लॅटिन माशीच्या जागी संस्कृत माशी डकवतात. यालाच मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात!

नातं शोधायचंच तर मुंगीत शोधा. लॅटिन 'फोर्मिका', ग्रीक 'मुर्मेक्स', अवेस्तात 'मओइरि' आणि ऋग्वेदात 'वम्र', 'वम्री'. मूळ शब्दात म-र-व असे काहीतरी वर्ण होते. आपण नुकसानचं 'नुसकान' करतो ना, तशीच संस्कृतने म आणि व यांची अदलाबदल केली. लॅटिनला एका शब्दात दोन 'म' जड झाले, म्हणून पहिल्याचा 'फ' केला. 'वल्मीक' म्हणजे वारूळ, तोही मी याच घरातला मानतो. म्हणजे वारुळातून उठलेले वाल्मीकी आणि रोमची फोर्मिका एका गोत्राचे. 'ध्वनिनियमात बसत नाही' म्हणून काही पंडित वल्मीकाला बाहेर ठेवतात. बसेल कसं? मुंगी, बेडूक, पाकोळी यांची नावं पोरंबाळं, बायाबापड्या रोज घेतात, मोडतात, फिरवतात. या मंडळींनी कोशातून डोकं काढून कधी अंगणातलं बोलणं ऐकलंय का? नियम राजाच्या नावाला लावा, मुंगीच्या नाही.

मुंग्या उकळून जे आम्ल काढलं ते फॉर्मिक; त्यावरून फॉर्मलिन, आणि क्लोरोफॉर्ममधला 'फॉर्म'सुद्धा. भूल देताना रुग्णाला इतकी वर्षं मुंगीच हुंगवली म्हणायची.

हां, तुमचा हत्ती. म्हण मुळात ग्रीक. दुसऱ्या शतकातल्या लुसियन या ग्रीक लेखकाने माशीची स्तुती लिहिली आणि 'आता पुरे, नाहीतर माशीचा हत्ती केला असं व्हायचं' म्हणून थांबला. पुढे इरॅस्मस या डच पंडिताने ती लॅटिन म्हणींच्या संग्रहात घेतली. अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि कृपा करून टेबलावरच्या फॉर्मायकाला मुंगीशी जोडू नका. तो 1912 च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या कामात अभ्रकाला पर्याय म्हणून निघाला. अभ्रक म्हणजे मायका. त्याच्याऐवजी, म्हणून 'फॉर मायका'.