गोप्रोच्या व्हिडिओतली वाकडी क्षितिजरेषा

गोप्रो या छोट्या कॅमेऱ्याच्या 'वाइड' मोडमध्ये, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपताना, सरळ रेषा वाकतात. आधी क्लिप थांबवून क्षितिज नीट बघा. ते फ्रेमच्या मध्यातून जात असेल तर सरळच दिसेल. वरच्या भागात असेल तर कमानीसारखं फुगेल, खालच्या भागात असेल तर झोळीसारखं खाली वाकेल. म्हणजे अर्धं काम कॅमेरा लावतानाच होतं: क्षितिज मध्यावर ठेवा.

पुढच्या वेळी इमारती, रस्ते, समुद्र घ्यायचा असेल तर थेट 'लिनियर' मोडवर शूट करा. कॅमेराच रेषा सरळ करून देतो, फक्त दृश्याचा आवाका कमी होतो. डोंगरउतारावरच्या सायकलिंगला मात्र मी वाइडच ठेवेन, वेगाची मजा त्यातच आहे.

आधीच वाइडमध्ये शूट केलंय? दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन पेजवर (इफेक्ट्सच्या विभागात) 'लेन्स डिस्टॉर्ट' नोड, म्हणजे लेन्सचा बाक सुधारायचं साधन, आहे. दिव्याचा खांब किंवा दाराची चौकट फ्रेमच्या कडेला असलेला क्षण निवडा आणि ती रेषा सरळ होईपर्यंत स्लायडर हळूहळू सरकवा. रेषा आतल्या बाजूला वळायला लागली की जास्त झालं, थोडं मागे या. पूर्ण सरळ करायचा हट्ट नको, कारण कोपरे ताणले जाऊन धूसर होतात आणि कडेला उभी असलेली माणसं जाड दिसतात. मी थोडा बाक राहू देतो.

हे सगळं क्रॉप किंवा झूम करण्याआधी करा. क्रॉपनंतर लेन्सचा मध्य फ्रेमच्या मध्यावर राहीलच असं नाही, आणि मग एक बाजू सुधारते, दुसरी बिघडते.