विजयदुर्गला एका दिवसात आंग्र्यांची गोदी आणि किल्ला दोन्ही पाहून होतं का?

होतं, फक्त दिवस तिथी बघून ठरवा. गोदी भरतीत बघितली तर पाण्यापलीकडे काही दिसत नाही.

गोदी किल्ल्यापासून साधारण ३ किमीवर, गिर्ये गावाच्या हद्दीत वाघोटण खाडीच्या काठी आहे. सुमारे १०९ मीटर लांब, ७० मीटर रुंद, जांभा खोदून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळाची डागडुजी करायची. गुराब (मोठी लढाऊ जहाजं), गलबतं उथळ बुडाची असल्यामुळे हे जमायचं. आता आत गाळ भरलाय, म्हणून मधोमध उतरू नका, पाय गुडघाभर रुततो. काठाने चालत कातळाची तासलेली बाजू आणि खाडीकडचं तोंड नीट बघा. मराठा आरमाराची इतकी ठसठशीत खूण फार कमी ठिकाणी उरली आहे आणि तिथे साधा फलकही शोधावा लागतो, याचं वाईट वाटतं.

वेळेचं गणित: अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी संध्याकाळी ५-६च्या सुमारास, तृतीयेला सकाळी ८च्या आसपास. तृतीया सोयीची: आधी गोदी, मग गिर्येचं रामेश्वर मंदिर (कातळ कापून केलेली वाट चुकवू नका), शेवटी किल्ला. किल्ल्याला अडीच-तीन तास ठेवा. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते याच तटाखाली.

मुंबई-गोवा महामार्गावरून तळेऱ्याला वळा. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो, तेव्हा टाळा.